विमान गाठलं, पण विमा?

पेन्शन सुरू झाली की दोन गोष्टी वाढतात: प्रवास आणि गोळ्या. लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीला, मुलाची वास्तुशांत मेलबर्नला आणि मधे जमलंच तर ग्रुपबरोबर युरोप. पासपोर्टवर शिक्के पडत जातात आणि गोळ्यांच्या डब्यातले कप्पेही वाढत जातात. पण माणूस जितक्या सहज सीमा ओलांडतो, तितक्या सहज त्याचा आरोग्यविमा ओलांडत नाही. काही विमे विमानतळावरच निरोप घेतात. एक विमा जहाजावर बरोबर सहा तास सोबत करतो. आणि एक देश असा आहे, जिथे पाहुण्याचा पाय मोडला तरी उपचाराचा भार सरकारी योजना उचलते. जगभरच्या आजी-आजोबांच्या विम्याच्या या चटपटीत गोष्टी.

तीन पेन्सचा पहिला वर्ग

प्रवासाचा विमा विमानापेक्षा कितीतरी जुना आहे. लंडनमध्ये १८४९ साली 'रेल्वे पॅसेंजर्स अशुरन्स कंपनी' निघाली आणि आगगाडीच्या तिकिटाबरोबर अपघात विमा विकायला लागली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्समध्ये १,००० पौंडांचा विमा मिळे, दुसऱ्या वर्गाला दोन पेन्समध्ये ५०० पौंडांचा आणि तिसऱ्या वर्गाला एका पेनीत २०० पौंडांचा. जसा डबा, तशी जिवाची किंमत! आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे आपण गाडी बघण्याआधीच तिकडे गाडीचा विमा विकला जात होता. आज आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना ४५ पैशांत १० लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो, आणि स्लीपर असो वा फर्स्ट एसी, रक्कम एकच. एवढ्यापुरते तरी आपण साहेबाच्या पुढे गेलो.

परदेशचा मेडिक्लेम थोरला, घरचा धाकटा

मेडिक्लेम ही आपल्या मध्यमवर्गाच्या घरातली ओळखीची गोष्ट. ही पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली आणली. पण परदेशी जाणाऱ्यांसाठीचा 'ओव्हरसीज मेडिक्लेम' त्याआधीच, १९८४ मध्ये आला होता. आधी परदेशात आजारी पडण्याची सोय झाली, मग घरी आजारी पडण्याची! तेव्हा परदेशी जाणारे मोजकेच, आणि डॉलर मिळवणं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून वाट काढणं. अशा काळात रुपयांत हप्ता भरून परदेशातलं बिल परकीय चलनात भागवण्याची सोय ही चैन नव्हती, गरज होती.

पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्षांना

अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा म्हणजे मेडिकेअर. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी त्यावर सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे. त्यासाठी ते मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी, हॅरी ट्रुमन यांच्या ग्रंथालयात गेले. कारण राष्ट्रीय आरोग्यविम्यासाठी ट्रुमन आधी झगडले होते. पहिलं कार्ड ट्रुमन यांना मिळालं, दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना.

एवढा रुबाब असलेलं हे कार्ड देशाबाहेर मात्र जवळजवळ निकामी. पन्नास राज्यं, राजधानी, प्वेर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन समोआ अशा काही बेटांपर्यंत त्याची हद्द. पॅरिसला पाय घसरला, काशीला छातीत दुखलं, तर ट्रुमनसाहेबांचं कार्ड खिशातच राहतं.

अलास्काला जाताना वाट वाकडी करू नका

नियम म्हटला की अपवाद आलाच. अलास्का हे अमेरिकेचंच राज्य, पण उरलेल्या देशापासून तुटलेलं. मधे कॅनडा. तेव्हा मोटारीने अलास्काला निघालेल्या अमेरिकन आजोबांना कॅनडात अचानक काही झालं आणि सगळ्यात जवळचं इस्पितळ कॅनडातलं असेल, तर मेडिकेअर पैसे देतं. अट एवढीच की रस्ता सरळ हवा आणि वाटेत उगाच रेंगाळलेलं नसावं. म्हणजे धबधबा बघायला दोन दिवस आडवाटेला गेलात, तर आजार तुमचा आणि बिलही तुमचंच.

जहाजाचा नियम त्याहून मजेदार. क्रूझवर डॉक्टरने तपासलं, तर त्या वेळी जहाज अमेरिकेच्या बंदरात असावं, किंवा अमेरिकन बंदर सोडून वा तिथे पोचायला सहा तासांहून जास्त अंतर नसावं. सहा तासांपुढे समुद्र तोच, डॉक्टर तोच, पण मेडिकेअर नाही.

न्यू जर्सीची पेन्शन, कोथरूडचा हिवाळा

हा प्रश्न आता आपल्याही घरात आला आहे. १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेला गेलेली मराठी मंडळी निवृत्त झाली. त्यांच्यातले बरेच जण तिकडे बर्फ पडायला लागला की पुण्या-मुंबईला येतात. सवाई गंधर्व ऐकायचं, हुरडा खायचा, होळी करून परत. पण ते इथे असेपर्यंत मेडिकेअर त्यांच्या उपयोगाचं नाही. इथल्या दुकानातून घेतलेल्या औषधांचे पैसेही त्यातून मिळत नाहीत.

तिकडे 'मेडिगॅप' नावाच्या पूरक पॉलिसी मिळतात. त्यांतल्या काहींत परदेशातल्या आणीबाणीची सोय असते. आधी २५० डॉलर स्वतः भरायचे, मग उरलेल्याचे ८० टक्के कंपनी देते. मात्र दुखणं प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उपटायला हवं, आणि सगळ्या जन्मात मिळून मर्यादा ५०,००० डॉलर. डिसेंबरच्या सुरुवातीला आलेला पाहुणा फेब्रुवारी लागताच या छत्रीबाहेर पडतो. होळी तर दूरच राहिली.

"मग इथेच कायमचं राहतो, तिकडचा हप्ता बंद करतो" असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक खोच. मेडिकेअरचा डॉक्टरांच्या फीचा भाग, म्हणजे पार्ट बी, सोडला आणि पुढे नातवंडांच्या ओढीने परत जाऊन पुन्हा घेतला, तर साधारणपणे मधल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो. तोही एकदाच नव्हे, पुढे कायमचा.

ग्रीनकार्ड मिळालं म्हणून मेडिकेअर मिळत नाही

मुलाने आई-बाबांना ग्रीनकार्ड मिळवून दिलं, वय ६५ च्या पुढे आहे, आता काळजी मिटली असं अनेकांना वाटतं. पण तिथे कधी नोकरीच न केलेल्या ग्रीनकार्डधारक ज्येष्ठाला मेडिकेअर विकत घेण्याआधी सलग पाच वर्षं अमेरिकेत राहावं लागतं. त्यानंतरही ते फुकट नाही. २०२५ मध्ये इस्पितळाच्या भागाचा, म्हणजे पार्ट एचा, पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता आणि पार्ट बीचा १८५ डॉलर. दोघं नवरा-बायको असतील तर आकडा दुप्पट. तिथे दहा वर्षं काम करून कर भरलेल्यांना पार्ट ए हप्त्याशिवाय मिळतो. तेव्हा शेजारच्या काकांना फुकट मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं नाही.

कॅनडाचे हिवाळी पाहुणे

थंडी पडली की फ्लोरिडा-ॲरिझोनाकडे उतरणाऱ्या कॅनडातल्या निवृत्तांना तिथे 'स्नोबर्ड' म्हणतात. हिवाळा संपला की ही मंडळी परततात, आणि परतण्याची तारीख हवामानाइतकीच सरकारी विम्याच्या नियमावरही ठरते. ओंटारिओ प्रांताचा विमा टिकवायचा, तर बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहता येत नाही. म्हणून पासपोर्टबरोबर कॅलेंडरही जपावं लागतं.

बरं, देशाबाहेर आजारी पडल्यावर प्रांत देतो किती? ओंटारिओ अतिदक्षता विभागासारख्या उपचारांना दिवसाला ४०० कॅनेडियन डॉलरपर्यंत आणि साध्या विभागात दाखल झाल्यास २०० पर्यंत. ब्रिटिश कोलंबियात तर दिवसाला ७५ डॉलर. अमेरिकेतल्या इस्पितळाच्या बिलापुढे हे म्हणजे दर्यामें खसखस. एवढेही पैसे वाचवावेत म्हणून ओंटारिओ सरकारने १ जानेवारी २०२० पासून ही मदत बंद केली. स्नोबर्डांची संघटना कोर्टात गेली आणि त्याच वर्षी जिंकली. बंद केलेली मदत सरकारला पुन्हा सुरू करावी लागली. पेन्शनरांच्या नादी लागू नये, हे तिकडेही खरं.

सुपर व्हिसा, सुपर अट

कॅनडात स्थायिक मुलांच्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी १ डिसेंबर २०११ पासून 'सुपर व्हिसा' आहे. जुलै २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अट अशी की किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्यविमा हवा. आधी हा विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागे. २८ जानेवारी २०२५ पासून कॅनडाच्या नियामकाने परवानगी दिलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो. गंमत बघा, शेजारच्या अमेरिकेचा पर्यटक व्हिसा विम्याबद्दल चकार शब्द विचारत नाही. जिथे बिल सगळ्यात मोठं, तिथे सक्ती शून्य!

शेंगेनचे तीस हजार

युरोपची टूर बुक करणाऱ्या प्रत्येकाला ३०,००० युरो हा आकडा पाठ असतो. शेंगेन व्हिसासाठी किमान एवढ्या रकमेचा विमा लागतो, आणि ही अट २००४ पासूनची आहे. आता शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, २९ देश आहेत आणि पॉलिसी त्या सगळ्यांत चालणारी असावी लागते. अचानक उपचार आणि इस्पितळ यांबरोबर रुग्णाला मायदेशी परत आणण्याचा खर्च, आणि वेळ आलीच तर पार्थिव आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असावा लागतो. टूर कंपनीने दिलेल्या पाकिटात ही पॉलिसी असतेच. बहुतेक जण त्या पाकिटातून फक्त टोपी आणि बॅगेचा टॅग काढून घेतात.

आणखी एक गोष्ट. तीस हजार ही व्हिसासाठीची किमान मर्यादा आहे, डॉक्टरांनी सुचवलेला डोस नव्हे. वय आणि तब्येत पाहून जास्तीची पॉलिसी घ्यायला कोणाचीच ना नाही.

साडेतीन हजार मीटरवर चहा

मराठी टूरचा स्वित्झर्लंडमधला हमखास मुक्काम म्हणजे युंगफ्राउयोख. १९१२ पासून तिथे रेल्वे जाते आणि स्टेशन आहे ३,४५४ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. खालच्या गावातून तासा-दोन तासांत तिथे पोचल्यावर धाप लागते, डोकं जड होतं. बायपास झालेल्या किंवा दम्याच्या माणसाने आधी डॉक्टरला विचारलेलं बरं. डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवायला तिथे १९५२ साली सुरू झालेली 'रेगा' ही संस्था आहे, पण हेलिकॉप्टरचं बिल येतं. युरोपीय लोकांच्या सरकारी आरोग्य कार्डातसुद्धा डोंगरातून सोडवण्याचा खर्च धरलेला नाही. तेव्हा आपल्या पॉलिसीत 'बचाव आणि स्थलांतर' हे कलम आहे का, ते मुंबईतच पाहून घ्यावं. शिखरावर नेटवर्क मिळेल, पण कलम वाढवून मिळणार नाही.

कार्ड बदललं, पेन्शनर तेच

युरोपात एका देशाचा विमाधारक दुसऱ्या देशात आजारी पडला, तर तिथल्या नागरिकाच्या दरात सरकारी उपचार मिळावेत म्हणून २००४ पासून निळं 'युरोपीय आरोग्यविमा कार्ड' आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला आणि २०२१ पासून स्वतःचं नवं कार्ड काढलं. नावात 'ग्लोबल' असलं तरी ते चालतं मुख्यतः युरोपातच. अवघं जग नावात, हद्द गावात! स्पेनच्या उन्हात कायमचे राहायला गेलेल्या ब्रिटिश पेन्शनरांसाठी 'एस-वन' नावाचा फॉर्म असतो. त्यांच्यावर उपचार स्पेनमध्ये होतात आणि खर्च ब्रिटन भागवतं.

राजाच्या गावात दीडपट

लंडनला मुलाकडे गेलेल्या आपल्या आजोबांना मात्र ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा फुकट नाही. इंग्लंडमध्ये अपघात विभागातली तातडीची तपासणी मोफत असते, पण इस्पितळात दाखल केलं की मीटर सुरू. पर्यटकाला सरकारी दराच्या १५० टक्के आकारणी होते. वर ५०० पौंड किंवा जास्त थकबाकी राहिली, तर पुढचा व्हिसा अडकू शकतो. नातवाच्या मुंजीला जायचं राहिलं, कारण मागच्या खेपेचं बिल भरलं नव्हतं, असं व्हायला नको.

पाय घसरला तर न्यूझीलंडमध्ये घसरावा

सुरुवातीला म्हटलेला तो देश हाच. १ एप्रिल १९७४ पासून न्यूझीलंडमध्ये अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. चूक कोणाची, हे न विचारता अपघाताच्या उपचारांचा खर्च ती उचलते, आणि त्यात पर्यटकही आले. थोडीफार फी आपल्याला भरावी लागते इतकंच. या बदल्यात नुकसानभरपाईसाठी कोर्टात खेचायचा हक्क मात्र सोडावा लागतो. पण योजना फक्त अपघाताची आहे, आजाराची नाही. क्वीन्सटाउनमध्ये बर्फावरून घसरून हाड मोडलं तर खर्चाला सरकार आहे. त्याच बर्फावर उभं असताना छातीत कळ आली तर सरकार नाही. आणि हाड मोडलं तरी घरी परत येण्याचं तिकीट योजनेत नाही.

ऑस्ट्रेलियाचे अकरा मित्र

ऑस्ट्रेलियाने ११ देशांशी एकमेकांच्या नागरिकांवर आवश्यक उपचार करण्याचा करार केला आहे: न्यूझीलंड, ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन, नेदरलँड्स, फिनलँड, इटली, बेल्जियम, माल्टा, स्लोव्हेनिया आणि नॉर्वे. क्रिकेटमध्ये इतकी जवळीक असूनही या यादीत भारत नाही. त्यामुळे सिडनीला निघालेल्या आई-बाबांना स्वतःचा विमा लागतोच, आणि काही व्हिसांवर तो ठेवण्याची अटच घातलेली असते.

झटपट चार देश

*थायलंड:* ५० वर्षांवरच्यांना मिळणाऱ्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाला २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा. आता मर्यादा किमान ३० लाख बाट.

*क्युबा:* १ मे २०१० पासून प्रत्येक पाहुण्याकडे आरोग्यविमा हवाच.

*पनामा:* महिना १,००० डॉलर कायम पेन्शन असणाऱ्या परदेशी माणसाला 'पेन्शनर व्हिसा' मिळतो. त्यावर विमानाच्या तिकिटात २५ टक्के, डॉक्टरच्या फीत २० टक्के आणि विमा नसेल तर इस्पितळाच्या बिलात १५ टक्के सवलत. तिकिटाला जास्त, इस्पितळाला कमी.

*जपान:* जपानी माणूस परदेशात आजारी पडला तर त्याचा सरकारी विमा नंतर परतावा देतो, पण जपानमधल्या दराने. म्हणजे बिल न्यूयॉर्कचं आणि परतावा टोकियोच्या हिशेबाने. पाहुण्यांसाठी वेगळी सूचना: सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते जपानमध्ये नेता येत नाही.

दातांचं गाव

मेडिकेअरमध्ये नेहमीचे दातांचे उपचार बसत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात ॲरिझोनाच्या युमा भागात उतरलेले निवृत्त अमेरिकन आणि कॅनेडियन चालत सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेस नावाच्या छोट्या गावात जातात. तिथे काही गल्ल्यांत शेकडो दंतवैद्य आहेत, आणि गावाचं टोपणनावच 'मोलार सिटी', म्हणजे दाढांचं शहर. सकाळी सीमापार, दुपारी कॅप बसवून परत.

आपल्या प्रवास विम्यातही दात हा दुर्लक्षित अवयव आहे. अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरता खर्च मिळतो, नवी कवळी मिळत नाही. चष्मा आणि नेहमीची तपासणीही सहसा बाहेरच. बत्तीशीची डागडुजी निघण्यापूर्वी गावच्याच डॉक्टरकडे करून घ्यावी.

विमा कंपन्यांचा नकाशा

शाळेत आपण सात खंड शिकलो. प्रवास विम्याच्या दरपत्रकात मुख्य भाग दोनच: 'अमेरिका-कॅनडा धरून सगळं जग' आणि 'अमेरिका-कॅनडा सोडून सगळं जग'. दोन्हींच्या हप्त्यांतला फरक पाहिला की तिकडचे उपचार किती महाग, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात वयाचे टप्पे. साठी, पासष्टी, सत्तरी ओलांडली की हप्ता प्रत्येक पायरीवर चढतो, आणि काही पॉलिसींत मिळणारी रक्कम मात्र उतरते.

एका दुखण्याची चार बिलं

अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की आपत्कालीन विभागात आलेल्या कोणालाही, पैसे असोत-नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करायलाच हवी. दारातून परत पाठवत नाहीत हे खरं. पण कायदा उपचार देतो, माफी देत नाही. बिल टपालाने घरी येतं आणि एकटं येत नाही. रुग्णवाहिकेचं वेगळं, इस्पितळाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं.

इथेच पॉलिसीचा प्रकार कळतो. समजा, सगळं मिळून १२,००० डॉलर झाले. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी असेल, डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, २५० डॉलर असेल आणि पुढच्या ५,००० डॉलरमधले २० टक्के आपले असतील, तर आपल्या खिशाला चाट १,२५० डॉलरची. बाकी १०,७५० कंपनी भरते. 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी असेल तर प्रत्येक गोष्टीला ठरीव रक्कम: खोलीला इतके, डॉक्टरला इतके, रुग्णवाहिकेला इतके. त्यांची बेरीज ४,००० होत असेल, तर उरलेले ८,००० डॉलर मुलाच्या क्रेडिट कार्डावर. दोन्ही पॉलिसींच्या पहिल्या पानावर मात्र एकच ठळक आकडा असतो: ५०,००० डॉलर किंवा १,००,००० डॉलर. फरक आतल्या पानांत असतो.

आणि प्रत्येक दुखण्याला आपत्कालीन विभाग लागत नाही. ताप, खोकला, लचक यांसाठी तिथे 'अर्जंट केअर' दवाखाने असतात. ते बरेच स्वस्त पडतात.

बीपीची गोळी लपत नाही

आता सगळ्यात नाजूक रकाना: 'पूर्वीचे आजार'. पुण्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात फॉर्म भरताना संवाद साधारण असा होतो. "शुगर लिहायची का हो? गोळी तर अर्धीच आहे." "ॲन्जिओप्लास्टी होऊन आठ वर्षं झाली, ती कशाला आता?" आणि मुलगा फोनवरून सांगतो, "बाबा, 'नाही' टिक करा, हप्ता कमी येईल."

हप्ता कमी येतो खरा. पण क्लेमच्या वेळी इस्पितळ पहिला प्रश्न विचारतं, "रोज कोणती औषधं घेता?" आणि गोळ्यांचा डबा खरं बोलतो. ते कागद कंपनीकडे जातात आणि क्लेम तिथेच अडतो.

खरं लिहिलं तरी सगळं मिळतं असं नाही. अनेक भारतीय पॉलिसींत पूर्वीच्या आजारासाठी फक्त जीव धोक्यात आला असताना खर्च मिळतो, तोही ठरावीक मर्यादेत. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या पॉलिसींत 'जुन्या आजाराचा अचानक उसळलेला झटका' एवढंच बसतं, आणि त्यालाही बहुधा वयाची अट असते. जे उपचार मायदेशी परतेपर्यंत थांबू शकतात, ते जवळजवळ कुठेच बसत नाहीत. गुडघा बदलायचा असेल तर तो इथेच बदलून जावा.

पासष्टीचा आकडा आला कुठून?

जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय होतं ७०. ते ६५ वर आलं १९१६ मध्ये. अमेरिकेने १९३५ च्या कायद्यात ६५ ठेवलं, मेडिकेअरनेही तेच उचललं. भारतात आरोग्यविमा नव्याने घ्यायला हीच पासष्टी बराच काळ अडसर होती. आपल्या विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून ती काढून टाकली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण या योजनेचं कार्ड चालतं ते देशातल्या, तिच्यात नोंदलेल्या इस्पितळांत. घरचा मेडिक्लेमही बहुधा भारतापुरताच असतो. दोन्ही पाकिटात असली तरी परदेशासाठी तिसरा कागद लागतोच.

आधी कोणाला फोन?

युरोपने १९९१ मध्ये सगळ्या देशांसाठी ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक ठरवला. आता भारतातही ११२ चालतो. अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं, न्यूझीलंडमध्ये १११ आणि जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९. महाराष्ट्रात १०८ लावायची सवय झालेल्या बोटांना हे आकडे शिकवायला हवेत. त्यानंतरचा दुसरा फोन विमा कंपनीच्या मदत केंद्राला. कॅशलेस हवं असेल तर हा फोन वेळेत करणं बहुतेक पॉलिसींत सक्तीचं असतं. तो करायचा राहिला, तर आधी आपण पैसे भरायचे आणि मग भारतात परतून कागदांची फाइल घेऊन फिरायचं.

निघण्याआधी एवढं करा

भारतीय कंपनीची पॉलिसी साधारणपणे भारत सोडण्याआधीच घ्यावी लागते, म्हणून ती तिकिटाबरोबरच काढा. फॉर्मवर बीपी, शुगर, स्टेंट, बायपास सगळं खरं लिहा. डॉक्टरची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत करून घ्या आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. पॉलिसीचा क्रमांक आणि मदत केंद्राचा फोन कागदावर लिहून एक प्रत पर्समध्ये, एक मुलांकडे द्या. आणि पॉलिसी वाचायचं काम मुलांवर सोपवू नका. पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या, 'काय मिळणार नाही' हे पान आधी उघडा आणि चष्मा लावून स्वतः वाचा. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा, एजंटला बसवून विचारा, आणि समाधान झाल्यावरच सही करा.